हवाबंद प्रगती

चंद्रपूरच्या फ्लॅटधारकांचे जाहीर अभिनंदन करायला हवे. ज्यांच्या फटींतून मे महिन्यात लू आणि बाराही महिने काळी धूळ आत यायची, त्या जुन्या सागवानी खिडक्या अखेर उखडल्या जात आहेत. त्यांच्या जागी येते यूपीव्हीसीची, दुहेरी काचेची खिडकी. थंडी आत येऊ नये म्हणून युरोपात गाजलेली. आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, पण थंडी आली तर काय, हा विचार कुणी तरी करायलाच हवा होता.

नियोजनही चोख आहे. खिडकी हवाबंद झाली की कूलर बाद. दमट हवेला बाहेर पडायला वाटच नाही. मग एसी. एसीला वीज लागते, ती २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र शहराला लागूनच तयार करते. धूर आणि राखही तेच पुरवते. म्हणून तर खिडकी हवाबंद हवी! पुढच्या टप्प्यात खिडक्या विटांनी बुजवून तिथे ताडोबाचे पोस्टर लावावे. वाघ हमखास दिसेल, सफारीचे बुकिंगही नको.

राहता राहिले जुने लाकूड. इथले सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी शोभायात्रेने रवाना झाले. आमच्या चौकटी भंगारवाल्याने हातगाडीवर नेल्या.

नवी खिडकी पांढरी हवी की सागवानी, असे फिटरने अदबीने विचारले. सागवानी रंगाच्या प्लास्टिकला दर जास्त पडतो.