पगार पुण्यात, चूल जळगावात

1819 साली धुळ्यात राहायला येणाऱ्या परक्या माणसालाही सरकार घर बांधायला उचल देत होतं, हे मी बँकेत बोलून गेलो. गृहकर्जाच्या टेबलासमोर बसून इतिहास सांगू नये. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्याचं सर्क्युलर आहे का?"

सर्क्युलर नाही, गॅझेटियर आहे. खानदेश इंग्रजांच्या हाती आल्यावर कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं म्हणून पांझरेकाठचं धुळं निवडलं, तेव्हा तिथे घरं होती चारशेच्या आसपास. नुसत्या कचेऱ्या उभ्या करून गाव वसत नाही, एवढं त्या गोऱ्या साहेबाला कळत होतं. माणसं यावीत म्हणून त्याने घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि जुना रहिवासी असो की परगावचा, पक्कं घर बांधायला पैसे उचल दिले. त्यासाठी कुणाकडे सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. "आधी इथली नोकरी दाखव, मग घराचं बघू," असं ब्रिग्ज म्हणाला असता तर धुळ्यात आजही चारशेच घरं असती आणि गल्ल्यांना नंबर द्यायची वेळच आली नसती.

आमचं प्रकरण साधं आहे. मी सोळा वर्षं हिंजवडीला नोकरी करतो आणि वाकडला भाड्याने राहतो. आईवडील जळगावला, पिंप्राळ्यात. आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे, एसटीत कंडक्टर होते. आता वय 78, आणि आईचे गुडघे जिना बघितला की आधीच दुखायला लागतात. दरवर्षी श्रावणात कानबाईला आम्ही ट्रॅव्हल्सने रात्रभर खुरमुंडी करून पोचतो, रविवारी देवी बसते, सोमवारी उठते, आणि सोमवारीच रात्री आम्हीही उठतो. प्रसादाचे रोट भाऊबंदांनी मिळून संपवायचे असतात. आमच्या वाट्याचे रोट आई डब्यात भरून देते आणि ते वाकडच्या फ्रिजमध्ये संपतात. यंदा बायको म्हणाली, "पुरे झालं. जाऊ या परत." सोळा वर्षांत आमचं एकमत झालेला हा दुसरा विषय. पहिला होता टीव्हीचा आकार.

आप्पांच्या घराजवळच एक रो-हाऊस बघितलं. खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे तुळस लावण्यापुरती जागा. किंमत 40 लाख. माझ्या कंपनीतल्या पोरांना ही किंमत सांगितली तर ते विचारतात, "पार्किंगची का?" नियमाप्रमाणे 30 लाखांच्या वरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्केच मिळतात, म्हणजे 32 लाख बँकेचे आणि 8 लाख आमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे 30 हजार वेगळे. घर बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, त्यामुळे ते तिच्याच नावावर घ्यायचं असं तिने मला समजावून सांगितलं. 8 टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता येतो पावणेसत्तावीस हजार. 32 लाखांचे शेवटी 64 लाख भरायचे. हे गणित आप्पांना सांगितलं नाही. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सुट्टे पैसे मोजून परत दिलेत.

पुण्याच्या शाखेत गेलो. त्यांनी विचारलं, "प्रॉपर्टी कुठे?" जळगाव म्हटल्यावर ते म्हणाले, "मग जळगावच्या शाखेत जा. आमचा माणूस तिकडे बघायला कसा जाणार?" जळगावच्या शाखेत गेलो. मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं, पेन दोरीने टेबलाला बांधलेलं. त्यांनी विचारलं, "सॅलरी कुठे?" पुणे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग पुण्याच्या शाखेत जा. आमचा माणूस तिकडे बघायला कसा जाणार?" दोन्ही शाखा एकाच बँकेच्या. मधल्या चारशे किलोमीटरमध्ये बँकेचा एकही माणूस एसटीत बसत नाही, हे ऐकून आप्पांना वाईट वाटलं.

शेवटी जळगावच्या साहेबांना दया आली. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता: 'अर्जदार सदर घरात स्वतः राहणार आहे काय? होय / नाही'. दोन शब्दांसमोर दोन चौकोन, मुंगी बसेल एवढे. मी प्रामाणिकपणे 'होय'वर खूण केली.

साहेब म्हणाले, "तुम्ही पुण्याला नोकरी करता. मग इथे कसे राहाल?"

"नोकरी सोडून येणार आहे."

"मग हप्ता कशातून भराल?"

"इथे दुसरी नोकरी बघतोय."

"म्हणजे आत्ता नाही?"

"आत्ता पुण्याची आहे."

"तीच तर सोडताय ना?"

मी खूण खोडून 'नाही'वर केली. साहेब म्हणाले, "मग हे गुंतवणुकीसाठीचं घर झालं. त्याचं वेगळं बघावं लागेल." आणि खाडाखोड झाली म्हणून दुसरा फॉर्म दिला.

मी घरून अभ्यास करून गेलो होतो. म्हटलं, 1961च्या जुन्या आयकर कायद्यातलं कलम 23 बघा. नोकरीधंद्यामुळे माणसाला दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या घरात राहावं लागत असेल, तर त्याचं स्वतःचं बंद घर तो राहतच आहे असं धरावं, असं त्यात 2025पर्यंत लिहिलेलं होतं. पोट एका गावी आणि उंबरा दुसऱ्या गावी, ही गोष्ट अख्ख्या देशात फक्त आयकर खात्याला कळलेली आहे, आणि ते खातं काही हळवेपणासाठी प्रसिद्ध नाही. साहेब म्हणाले, "ते इन्कम टॅक्सचं झालं. आमचं पोर्टल वेगळं आहे." पोर्टलमध्ये नोकरीचा पिनकोड आणि घराचा पिनकोड यांच्यात फार अंतर पडलं की लाल चौकोन येतो. त्या लाल चौकोनापुढे साहेबही हतबल होते. 2025मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला. पण व्याज उतरलं तरी पुणे काही जळगावच्या जवळ सरकलं नाही.

बाहेर टपरीवर एजंट भेटला. या लोकांना बँकेच्या आत खुर्ची नसते, पण आतलं सगळं माहीत असतं. तो कटिंग फुंकत म्हणाला, "सर, तुमचं चुकतंय कुठे माहितीये? तुम्ही खरं सांगताय. सांगायचं, आईवडिलांसाठी घेतोय, मी पुण्यालाच राहणार. कर्ज पास झालं की द्या राजीनामा. कोण विचारतंय?" मी म्हटलं, मंजुरीपत्रात नोकरी बदलली तर बँकेला कळवायचं अशी अट असते. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी रिक्षाच्या मीटरप्रमाणे पैसे द्यायला निघालोय.

संध्याकाळी अंगणात कळण्याची भाकरी आणि भरीत खाता खाता हे सगळं आप्पांना सांगितलं. त्यांनी कांदा बुक्कीने फोडला आणि म्हणाले, "कर्ज तुले नही देतस त्या, तुन्ही नोकरीले देतस." कंडक्टरने एका वाक्यात तिकीट फाडलं. मी समजत होतो की बँक माझ्याकडे बघतेय, सोळा वर्षांत एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाकडे, नाहीतर निदान त्या रो-हाऊसच्या भिंतींकडे. बँक बघत होती हिंजवडीच्या त्या खुर्चीकडे. खुर्ची आहे तोवर मी लायक. आणि घर हवंय ते नेमकं त्या खुर्चीवरून उठण्यासाठी. म्हणजे ज्याला हलायचंच नाही त्याला हलायला पैसे मिळतात.

आता जळगावात घरांसाठी कर्ज मिळतच नाही, असं म्हणून मी गावाची बदनामी करणार नाही. मिळालेलं आहे, तेही ढीगभर. नव्वदच्या दशकात इथल्या नगरपालिकेने घरकुलांसाठी हुडको या सरकारी गृहवित्त संस्थेकडून कर्ज काढलं. अकरा हजारांवर घरं बांधायची होती, पुरी झाली दीड हजाराच्या आसपास. 2019च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या घरकुलांच्या घोटाळ्यात 48 जणांना दोषी ठरवलं, पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि हुडकोचं देणं बरीच वर्षं महापालिकेच्या, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्यांच्या, मानगुटीवर बसून राहिलं. 'अर्जदार सदर घरात स्वतः राहणार आहे काय?' हा रकाना तेव्हा कुणी भरून घेतला होता का, हे मला त्या साहेबांना विचारायचं होतं. विचारलं नाही. फाईल त्यांच्या टेबलावर होती.

धुळ्याला देवपुरात माझा मावसभाऊ असतो. त्याने उपाय सुचवला: आधी जळगावात नोकरी धर, मग कर्ज माग. पटलं. एमआयडीसीतल्या एका पाइपवाल्यांनी मुलाखत घेतली. पगार निम्मा, पण जेवायला घरी जाता येईल, आणि हप्ता भरून आमचा किराणा निघेल. नेमणुकीचं पत्र घेऊन बँकेत धावलो. साहेबांनी ते उलटसुलट वाचलं, दिव्याकडे धरून बघितलं आणि परत दिलं. "प्रोबेशन आहे. सहा महिन्यांच्या स्लिपा आणा. कन्फर्मेशनचं पत्र आणा. मग बसून बोलू."

रो-हाऊसवाला म्हणतो, सहा महिने थांबणार नाही, इसार द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. पाइपवाले म्हणतात, एक तारखेला हजर व्हा नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. पुण्याची कंपनी म्हणते, राजीनामा दिलात तर परत घेणार नाही, इथेही दुसरा तयार आहे. माझ्यासाठी थांबायला तयार असलेले एकटे आईचे गुडघे, आणि तेही फार दिवस थांबतील असं डॉक्टरांना वाटत नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. जळगाव, भुसावळ किंवा धुळे इथे कुणाच्या ओळखीत नोकरी असेल तर कृपया कळवा. पगार कमी चालेल, रविवारी यावं लागलं तरी चालेल, उन्हातली असली तरी चालेल. अट एकच: ज्या दिवशी मी रुजू होईन, त्या दिवशी ती नोकरी किमान सहा महिने जुनी असावी.