आधी रंग ठरवा!

गल्लीतल्या रस्त्यासाठी नागरिकांची समिती काढताय? झकास. पहिल्या बैठकीत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सहखजिनदार निवडून घ्या. खड्डे मोजायला कुणी उरलं नाही तरी चालेल. दुसरी बैठक पेव्हर ब्लॉकच्या रंगाला. लाल की करडा, यात संध्याकाळ सहज जाते. ड्रेनेजची लाइन आधी बदलणार की रस्ता झाल्यावर, असं विचारणाऱ्याला ‘निगेटिव्ह बोलू नका’ म्हणून चहा द्यायचा.

गतिरोधक हा जिव्हाळ्याचा विषय. तो सगळ्यांनाच हवा असतो, फक्त शेजाऱ्याच्या दारासमोर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद असतो. आपण उंची तेवढी मनावर घेतो, रुंदी हातभर. समितीत हाडांचे डॉक्टर असतील तर ते या ठरावाला अनुमोदन देतील.

नारळ फुटताना समिती झाडून हजर असते. ‘माननीयांच्या विशेष प्रयत्नांतून’ हा फलक डांबराच्या आधी लागतो. डांबर पडतं रात्री अकराला, तेव्हा मात्र सगळे घोरत असतात. बघायचं असतं ते नेमकं तेव्हाच. जुना थर खरवडला, की त्याच्यावरच नवा चढवला? खरवडायचं टाळलं की दर खेपेला रस्ता इंच-दोन इंच वर येतो, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात आणि पावसाचं पाणी तळमजल्यावरच्या आजींच्या उंबऱ्याला लागतं. मग त्याच आजींकडे पुढच्या वर्षी वर्गणी मागायला जायचं.

समितीला मार्गदर्शक तत्त्वं हवीच असतील तर २००५ चा माहिती अधिकार कायदा उघडा. त्यात नुसते कागद मागण्याचा हक्क नाही. कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. अर्जाची फी दहा रुपये. समितीच्या बॅनरच्या पैशांत अर्जांचा गठ्ठा झाला असता!

आणि मंजूर एस्टिमेटसोबत ठेकेदाराच्या कराराची प्रत मागा. दोषदायित्वाचा कालावधी त्यात लिहिलेला असतो. तेवढ्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं तो स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. ती प्रत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली पुरू नका. छापा, सही-शिक्क्यासकट क्षेत्रीय कार्यालयात न्या. कायम ‘साइटवर’ असणारे साहेब त्या दिवशी टेबलावर सापडतात.