टपावरची पाणीपुरवठा योजना

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना शाल दिली, नारळ दिला. पाण्याची खोड ते स्वतःच घरी घेऊन आले. बीडमध्ये नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे इथला प्रत्येक बाप्या अर्धा प्लंबर असतोच. अण्णा पूर्ण आहेत. गच्चीवर टाक्या, जिन्याखाली टाकी, कुलरचं पाणी मोरीत आणि मोरीचं पाणी पपईला. कुंड्यांना सलाइनच्या नळ्यांचं ठिबक केलंय. पाहुण्यांना वाटतं, तुळस अ‍ॅडमिट आहे.

या सगळ्या योजनांवर माझी नेमणूक एकाच कामासाठी आहे : धरणे. बॅटरी धर, शिडी धर, पाइपचं टोक धर. मी पदवी घेतली, बँकेत लागलो, केस पांढरे झाले, पण या हुद्द्यावरून बढती नाही. पाटबंधाऱ्यातल्या माणसाचा मुलगा असल्याने मी जन्मतःच धरणग्रस्त.

दिवाळीच्या सुट्टीत अंबाजोगाईला जायचं ठरलं. आईला योगेश्वरीचं दर्शन हवं होतं, बायकोला दासोपंतांची पासोडी बघायची होती, मुलीला वाटेत मांजरसुंब्याची रबडी. अण्णांना हवी होती गाडीच्या टपावर टाकी. चार इंची पीव्हीसीचे दोन पाइप, टोकांना कॅप, खाली तोट्या, आणि उन्हाने पाणी कोमट व्हावं म्हणून वर काळा रंग. एकूण तीस लिटर. हे सगळं कुलरच्या जुन्या स्टँडवर सायकलच्या ट्यूबने आवळलेलं. ‘‘हात धुवायला गाडी थांबवायला नको,’’ अण्णा म्हणाले. आमच्या घरात हात धुवायला आजवर कुणी गाडी थांबवलेली नाही. तोटी मागे असल्यामुळे आता मात्र थांबवावीच लागणार होती.

शहर सुटलं आणि अण्णांनी खजाना विहिरीकडे गाडी वळवायला लावली. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली ही विहीर. सलाबत खानाने बांधवून घेतलेली, आणि ती रचणाऱ्याचं नाव लोक राजा भास्कर असं सांगतात. भुयारांतून पाणी आपसूक वाहत शेतापर्यंत जायचं. मोटर नाही, वीज नाही. अण्णा देवळात घड्याळ बघतात. इथे टोपी काढून उभे होते.

‘‘उतार,’’ ते म्हणाले. ‘‘सगळी करामत उताराची.’’

ती करामत मांजरसुंब्याच्या घाटात आम्हालाही दिसली. गाडी चढाला लागली, पाणी सगळं मागच्या टोकाला गेलं, आतली हवा उन्हाने तापून फुगली, आणि राहून गेलेला फटाका फुटावा असा आवाज करत एका पाइपची कॅप सोलापूर रस्त्यावर उडाली. पंधरा लिटर कोमट पाणी मागच्या मोटारसायकलवाल्याच्या नव्या शर्टावर. तो आम्हाला जे बोलला त्याला आईने ‘‘बरोबर आहे बाबा’’ म्हटलं.

दुसऱ्या पाइपची कॅपही सैल होऊन गळत होती. अण्णा पहिली कॅप शोधायला ट्रकांच्या मधून खाली निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, ‘‘धर!’’

मागच्या बंपरवर उभा राहून मी पाइपचं तोंड तळव्याने दाबून धरलं. पाणी बाहीतून काखेत आणि काखेतून पुढे जाऊ लागलं. गाड्या थांबल्या. एकाने साबण लावायला सांगितलं, एकाने एमसीलचं विचारलं, एक पोरगा मोबाइलवर शूटिंग करत ‘‘काका, इकडं बघा’’ म्हणाला. गर्दी जमली तशी सीताफळवाली टोपली घेऊन आली. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, ते सार्थच आहे. पण दोन्ही हात अडकलेल्या माणसाला ‘घ्या की दादा, वास तर घ्या’ म्हणू नये.

तेवढ्यात मागे ट्रॅक्टर येऊन थांबला. दोन ट्रॉल्या, वर कोपीचं सामान, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या आणि माणसं. ऊसतोडीला निघालेली. दिवाळी झाली की जिल्ह्यातल्या गावांमधून अशी लाखो माणसं कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल बहुधा आधीच खर्चून झालेली असते. एक बाई कॅन घेऊन उतरली.

‘‘मामा, सांडू लागलंय तर आम्हाला द्या की. लेकरं तहानलीत.’’

अण्णा हातात कॅप घेऊन परत आले होते. त्यांनी तोटी सोडली, मी कॅपवरचा हात काढला नाही, कॅन भरला. बाईने आधी लेकरांना पाजलं. माझ्या मुलीने ट्रॉलीतल्या तिच्याएवढ्या मुलीला विचारलं, ‘‘तुझी शाळा कधी उघडणार?’’ ती म्हणाली, ‘‘गुढीपाडव्याला येतो आम्ही.’’

अण्णा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही पाइप सोडले, कॅपा ठोकून बसवल्या, सीताफळवालीकडून सुई मागून चहावाल्याच्या चुलीवर लाल केली आणि वरच्या अंगाला हवेची भोकं पाडली. मग दोन्ही पाइप ट्यूबसकट ट्रॉलीला बांधून दिले. ‘‘भोक वरच्या बाजूला ठेवा. चढ आला की मागून उंच करा.’’ बांधताना ट्रॉलीवर कुणी काय धरलं होतं, ते सांगायला नको.

‘‘लोकार्पण झालं,’’ गाडीत बसल्यावर ते म्हणाले. खात्यात असताना लोकार्पणं त्यांनी मांडवाच्या मागे उभं राहून पाहिली होती. मी शर्ट पिळत होतो. मला थोडा राग आला होता, आणि तो कुणाचा हे ठरत नव्हतं.

मांजरसुंब्याला रबडी झाली. केजजवळ अण्णांनी धनेगावच्या मांजरा धरणाचं सांगितलं : २०१६ साली ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. हे ते दर वेळी सांगतात आणि दर वेळी त्यांचा आवाज एकाच ठिकाणी बसतो.

अंबाजोगाईला पोचलो. संतकवी दासोपंत १६१५ साली इथेच समाधिस्थ झाले. सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिला, तरी हौस फिटली नाही म्हणून सुमारे चाळीस फुटी पासोडीवर पंचीकरण लिहिलं. त्या कापडाची हकीकत ऐकून अण्णांनी विचारलं, ‘‘लिहिताना दुसरं टोक कुणी धरलं असेल?’’ कुणालाच उत्तर येईना. त्या अज्ञात इसमाला मी मनात नमस्कार केला.

मुकुंदराजांच्या समाधीशी फोटो झाला, हत्तीखान्यातला दगडी हत्ती झाला. योगेश्वरीच्या देवळापाशी पोचलो तर अण्णा हार्डवेअरच्या दुकानातून पिशवी घेऊन आले. चपला सांभाळणाऱ्या मावशींनी पिशवीत डोकावून पाहिलं. ‘‘चपलांचे पैसे ऱ्हाऊ द्या. आमचा मागचा नळ गळतोय, तेवढा बघता का?’’ आरती सुरू झाली तेव्हा अण्णा चपलांच्या ढिगामागे नळ खोलून बसले होते, आणि आई गाभाऱ्यासमोरून माझ्याकडे अशी बघत होती की तो नळ मीच फोडला असावा.