झेडवाला

साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत कुठल्याही पेढीत, पतसंस्थेत, कर सल्लागाराच्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये जा, हा माणूस भेटतोच. त्याच्या जुडग्यात गाडीची किल्ली एक आणि पेनड्राइव्ह चार. शर्टाच्या खिशाला पेन नाही, पण एक बारका स्क्रू-ड्रायव्हर आहे. खुर्ची दिली तरी तो बसत नाही, खुर्चीवरच्याला उठवून बसतो. व्हिजिटिंग कार्डावर ‘सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर’ असं छापलेलं असलं तरी लोक त्याला झेडवाला म्हणतात. कारण दुसऱ्या यंत्रावरची जागा नेटवर्कमधून आपल्या यंत्राला जोडली, की त्या जागेला बहुतेक ठिकाणी ‘झेड’ हे अक्षर मिळतं, आणि झेडवर ठेवलेलं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होईना, की याला फोन जातो.

त्याला हाक मारण्याची तऱ्हा कामाच्या टक्केवारीवर ठरते. काम सुरू व्हायच्या आधी तो ‘सर’ असतो. पडद्यावरची हिरवी पट्टी चाळीस टक्क्यांवर अडली की ‘अहो’ होतो. नव्याण्णववर अडली की ‘ओ भाऊ, काय खरं न्हाय बघा’. पट्टी पूर्ण भरली की ‘भाऊ, चहा घ्या’, आणि बिल दिल्यावर ‘ते कॉम्प्युटरवालं पोरगं’. पोरगं पंचेचाळीस वर्षांचं आहे.

त्याचे सणवार जीएसटीच्या वेळापत्रकात छापलेले असतात. महिन्याच्या अकरा तारखेला एक विवरणपत्र, वीस तारखेला दुसरं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायला मधले सगळे दिवस मोकळे असतात. मालकाला आठवण होते ती एकोणीसच्या संध्याकाळी.

सांगलीच्या गणपती पेठेतली भुसार मालाची एखादी पेढी घ्या. तिथला सर्व्हर माळ्यावर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, पेठेत होड्या फिरल्या, आणि त्यानंतर ज्यांनी ज्यांनी शहाणपण घेतलं त्यांनी हिशेबाचं यंत्र जिन्यानं वर चढवलं. खाली गादीवर दिवाणजींचा कॉम्प्युटर, वर सर्व्हर आणि दोघांमध्ये लोंबकळणारी निळी केबल, जिच्यावर उंदरांचाही हक्क आहे. सगळी सॉफ्टवेअरं, सगळ्या वह्या झेडवर. एक प्रत, एक जागा, पुराची भीती नाही. कल्पना उत्तमच. इन्स्टॉल करायच्या दिवसापर्यंत.

“भाऊ, सेटअप झेडवर हाय. दिसतंय. पन चालू केलं की म्हनतंय, असला ड्राइव्हच न्हाय.”

“तुम्हाला दिसतंय?”

“दिसतंय की वो! ह्ये बघा, हितं.”

“तुम्हाला दिसतंय. त्याला दिसत नाही.”

“त्याला म्हंजे कुनाला?” असं म्हणून दिवाणजी आधी मागं वळून बघतात, मग माळ्याकडं.

झेडवाल्याच्या आयुष्यातली निम्मी भांडणं या एका संवादाची आहेत, आणि गंमत अशी की दोन्ही पक्ष खरं बोलत असतात. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं. तेव्हापासून मालकी हक्क असलेला माणूस लॉगिन झाला, की विंडोज त्याला दोन ओळखी देतं. एक साधी, रोजच्या वापराची. दुसरी अधिकाराची. ‘या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का?’ असं विचारणाऱ्या खिडकीत आपण ‘होय’ म्हणतो, तेव्हा ही दुसरी ओळख पुढं होते. पण झेड जोडलेला असतो साध्या ओळखीनं. अधिकाराच्या ओळखीला तो जोडून दिलेलाच नसतो. त्यातून इन्स्टॉलचं खरं काम करणारी विंडोजची सेवा तर तिसऱ्याच, ‘सिस्टीम’ नावाच्या खात्यानं चालते. त्या खात्यानं जन्मात कधी झेड जोडलेला नाही. म्हणजे हमालाला झेड दिसतो, मालकाला दिसत नाही. “एरर खोटं बोलत नाही,” झेडवाला सांगतो, “पण ती कुणाच्या वतीनं बोलतीया, ते सांगत नाही.”

इथून पुढं जातीच्या दोन शाखा होतात.

सातारी झेडवाला एरर वाचत नाही. खिडकी उगवताच तो ती मिटवतो, जशी काही तिनं त्याची वाट अडवली आहे. “घ्या सीवर,” एवढंच म्हणतो, सेटअप उचलून सी ड्राइव्हवर टाकतो आणि तिथून चालवतो. झालं. कारण विचारलं तर: “चाललं न्हवं? मग?” त्याच्या या उत्तरावर आजवर कुणाला प्रतिप्रश्न सुचलेला नाही.

सांगलीचा झेडवाला आधी चहा सांगतो. मग शेवटचं कधी चाललं होतं, मध्ये कोण येऊन गेलं, पासवर्ड कुणी बदलला, दिवाणजींच्या धाकटीचं बारावीचं काय झालं, हे सगळं एकाच चौकशीत घेतो. झेड हे टोपणनाव सोडून सर्व्हरचा पूर्ण पत्ता टाकून बघतो. त्याच पत्त्यावरून काळा पडदा, म्हणजे कमांडची खिडकी, उघडली की ती खिडकी म्हणते, असल्या पत्त्यावर मी बसत नाही, आणि थेट विंडोजच्या फोल्डरात जाऊन बसते. मग इन्स्टॉलच्या आज्ञांची यादी आपल्या फायली तिथं शोधत हिंडते. हे तो दिवाणजींना इतकं सविस्तर समजावतो, की त्यांना मूळची एरर बरी वाटू लागते. शेवटी तोही सेटअप सीवरच टाकतो. फरक एवढाच, की सातारी शाखेत दिवाणजींना काही कळत नाही, आणि सांगलीच्या शाखेत कळूनही काही उपयोग होत नाही.

तिसरी, दुर्मिळ शाखा इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये राहते. तिथं यंत्रं लिनक्सवर, आणि पोरांची घरं, म्हणजे होम डिरेक्टऱ्या, एनएफएसनं एका सर्व्हरवरून आलेल्या. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ साली आणलेली ही पद्धत. लॅबवाल्याला ती पाठ आहे आणि पोरांची ती पाठ घेते. तिसऱ्या वर्षाचा एखादा वाघ सुडो लावून, म्हणजे रूटचा सर्वाधिकार घेऊन, आपल्या फोल्डरात पॅकेज टाकायला जातो. उत्तर येतं: परमिशन डिनाइड.

“सर, मी तर रूट आहे!”

“रूट इथला. तिकडं कोण?”

तिकडं, सर्व्हरवर, ‘रूट स्क्वॉश’ नावाचा नियम मुळातच चालू असतो. दुसऱ्या यंत्राचा राजा दारात आला, की सर्व्हर त्याची नोंद ‘नोबडी’ अशी करतो. अधिकार वाढवला म्हणून दार बंद झालं, हे पोराला पटत नाही. सुडो काढून साधा चाल, असं लॅबवाला सांगतो. साधं चालून काम झाल्यावर पोराचा चेहरा पडतो. दुसरा एक जण विंडोजच्या शेअरवर पायथनचं नवं एन्व्हायर्न्मेंट थाटायला बघतो. त्याला सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फायलीकडं बोट दाखवणाऱ्या खुणा, लागतात, आणि त्या शेअरला सिमलिंक चालत नाहीत. तिसरा एनपीएमची हजारो चिमुकली पॅकेजं नेटवर्कवरून एकेक करून उतरवत बसतो आणि यंत्र अडकलं म्हणून तक्रार करतो. ते अडकलेलं नसतं. प्रत्येक फायलीसाठी सर्व्हरपर्यंत जाऊन परत येत असतं. लॅबवाल्याचं तिघांना उत्तर एकच: पॅकेज लोकल डिस्कवर टाका, कामाच्या फायली तेवढ्या सर्व्हरवर ठेवा. म्हणजे फिरून सातारी शाखाच.

या धंद्यानं माणसाची नजर बिघडते. झेडवाला भावकीच्या बैठकीत बसला तरी त्याच्या डोक्यात खातीच फिरत असतात. दोन चुलतभाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आले, एक म्हणाला “रान डोळ्यांसमोर दिसतंय, चाळीस वर्सं कसतोय,” की याच्या तोंडून निघून जातं, “दिसायला सगळ्यांना दिसतं हो, सातबाऱ्यावर नाव कुणाचं?” क्षणभर बैठक गप्प होते. मग तो आणखी एक वाक्य बोलून मिळवलेलं सगळं घालवतो: “आणि तुम्ही आत्ता कुठल्या लॉगिननं बोलताय?”

सीवर सेटअप टाकताना तो एक फोल्डर करतो आणि त्याला ‘काढू नये’ असं नाव देतो. डिस्क भरली की दिवाणजी सगळ्यात आधी तेच फोल्डर काढतात. पुढच्या आवृत्तीला फोन येतो, वाक्यं तीच येतात, “दिसतंय की वो!” हेही येतं. साताऱ्यात असला तर तो ॲनीडेस्कचा नंबर विचारतो, आणि गणपती पेठेतून दिवाणजी एकेक आकडा अशा आवाजात सांगतात, की नेटवर्क नसतं तरी साताऱ्यात ऐकू गेलं असतं.

त्याच्या हाताखाली आलेल्या नव्या पोराला एक गोष्ट हमखास खटकते. रजिस्ट्रीत ‘एनेबल लिंक्ड कनेक्शन्स’ नावाची एक नोंद करायची, तिची किंमत एक ठेवायची, यंत्र बंद करून चालू करायचं. मग दोन्ही ओळखींना झेड दिसतो आणि बहुतेक कटकट मिटते.

“भाऊ, पाच मिनिटांचं काम हाय. सगळीकडं एकदाच का करून टाकत न्हाई?”

“केलं होतं एके ठिकाणी,” झेडवाला सांगतो. “दोन वर्षं फोन नाही. एकदा पावसात त्या बाजूला सापडलो, म्हटलं चहा घ्यावा, म्हणून पायरी चढलो. दिवाणजींनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, ‘कोण पाहिजे आपल्याला?’”

हे सांगताना तो पोट धरून हसतो, आणि हसता हसता समोरच्या पेढीचा नवा सेटअप नीट झेडवर नेऊन ठेवतो.