चंदीखात्याचा वारस

मराठी मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात फार तर दोनदा घोड्यावर बसतो. एकदा लहानपणी माथेरानला, जिथे मोटारींना बंदी असल्यामुळे आईवडिलांपुढे पर्याय नसतो, आणि एकदा स्वतःच्या वरातीत, जिथे त्याच्यापुढेच पर्याय नसतो. दोन्ही वेळा लगाम दुसऱ्याच्या हातात असतो. माझंही एवढ्यावर भागलं असतं. पण पुतण्याच्या मुंजीत, जिलबीचं ताट दुसऱ्यांदा फिरत असताना, आमचा एक मावसभाऊ आपण पुण्याहून गोव्याला सायकलने कसे गेलो ते सांगत होता आणि घाटात त्याला लागलेली धाप ऐकून समोरच्या ओळीतल्या सगळ्या मावश्या अशा काही हळहळत होत्या, की मी तोंडातली जिलबी गालात सरकवून म्हणालो, "मी हल्ली घोडेस्वारी शिकतोय."

पंगत थबकली. बायकोने वाटीतली मठ्ठ्याची मिरची बाजूला काढली आणि विचारलं, "अगं बाई! कधीपासून?"

सोमवारपासून.

अगदीच हवेत बोललो होतो असं समजू नका. आमचे पूर्वज पागेत होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचं घोडं नि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार आणि ज्याला घोडं सरकारातून मिळे तो बारगीर. आम्ही शिलेदारच असणार, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. खात्री करावी म्हणून नाशिकच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "पागेत होते ना. चंदीच्या हिशेबाला." म्हणजे कोणत्या घोड्याने किती हरभरा खाल्ला, ते लिहून ठेवायला. घोडा त्यांनी आयुष्यभर फक्त चरताना पाहिलेला.

शहराबाहेरच्या त्या मैदानावर सकाळी सहाला पोहोचलो, तर माझी बॅच आधीच रांगेत उभी होती. सरासरी वय नऊ. शिकवणारे गृहस्थ घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार होते. त्यांनी पहिल्यांदा माझे पाय पाहिले. मी धावायचे पांढरे बूट घातले होते. स्वाराच्या बुटाला जराशी टाच लागते, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि पडलेला माणूस लटकून फरफटत जातो, असं त्यांनी अतिशय शांतपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसचे काळे बूट घालून गेलो आणि घाईत, सवयीने, गळ्यात ओळखपत्रही अडकवून गेलो. घोडीने ते हुंगलं.

घोडीचं नाव मैना. नावावर जाऊ नका. खांद्याशी पाच फूट उंची, वजन साडेचारशे किलोच्या आसपास, आणि डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त कपाळासमोर आणि थेट शेपटीमागे काय ते दिसत नाही. मी नेमका शेपटीमागे जाऊन उभा होतो. "काका, तिथे नाही!" सगळी बॅच एका सुरात ओरडली. मग तिच्याशी ओळख करून घ्यावी म्हणून मी समोर गेलो आणि कपाळावर हात ठेवायला लागलो, तेव्हाही तेच वाक्य, त्याच सुरात.

घोड्यावर डावीकडून चढायचं. तलवार डाव्या कमरेला असायची, ती आडवी येऊ नये म्हणून ही रीत पडली म्हणतात. माझ्या डाव्या कमरेला मोबाइलचं कव्हर होतं, तेच आडवं आलं. डावा पाय रिकिबीत, हात खोगिरावर, उजवा पाय जमिनीवर अशा अवस्थेत मी बराच वेळ एका पायावर उड्या मारत होतो आणि मैना बिचारी माझ्या सोयीसाठी हळूहळू गोल फिरत होती. शेवटी सईसाने मागून आधार दिला. आधार जरा जास्त झाला. मी डावीकडून चढून उजवीकडून उतरलो.

नंतर तंगाचं प्रकरण. तंग म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा. मैना तंग आवळताना पोट फुगवून धरते आणि माणूस वर बसला की सावकाश सोडून देते, त्यामुळे चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळायचा असतो, हे बॅचमधल्या पोरासोरांना ठाऊक होतं. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदाच नीट बसल्याच्या आनंदात पाठ ताठ करून, हनुवटी वर करून, शनिवारवाड्यासमोरच्या बाजीरावांचा पुतळा आठवत निघालो होतो. हळूहळू मला क्षितिज तिरपं दिसायला लागलं. आधी वाटलं चष्मा घसरला. मग शेजारून जाणाऱ्या मुलीचा चेहरा माझ्या चेहऱ्याला समांतर राहीना. खोगीर, त्यावरचा मी आणि माझा ताठ कणा, असे तिघेही घोडीच्या पोटाकडे निघालो होतो. पुतळ्यांना ही अडचण येत नाही. तिथे सगळं एकत्रच ओतलेलं असतं.

"काका, श्वास घ्या," ती मुलगी म्हणाली. वेण्या घातलेली, पुढचे दोन दात पडलेली. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण तीसचाळीस वेळा धडधडतं. माझं त्या वेळी त्याच्या चौपट चाललं होतं आणि ते मैनेला खोगिरातूनही कळत असावं, कारण तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि एक मोठा उसासा टाकला.

चालत्या घोड्यावर बसणं एक वेळ जमतं. चारही पाय आळीपाळीने पडतात, पाळण्यात बसल्यागत वाटतं. दुडकी मात्र भयंकर. दुडकीत घोडा समोरासमोरचे तिरके पाय जोडीने टाकतो, एक-दोन, एक-दोन, आणि त्या तालावर स्वाराने एकाला उठायचं, दोनला बसायचं. मी एकाला बसत होतो. म्हणजे मैनेची पाठ वर येत असताना मी खाली जात होतो आणि आमची भेट दर वेळी वाटेत होत होती. रिसालदारसाहेब ओरडत होते, "उठो! बैठो! उठो!" मी त्यांच्या हुकमाबरहुकूम उठत होतो, पण हुकूम कानापर्यंत पोहोचून पायांपर्यंत उतरेस्तोवर घोडी पुढच्या आकड्यावर गेलेली असे. टाच खाली, गुडघे आत, कोपर शरीराला चिकटून, नजर पुढे, हात हलके आणि चेहरा प्रसन्न, हे सगळं एकाच वेळी करायचं असतं. मला त्यातलं एका वेळी एक जमे. बहुतेकदा नजर पुढे.

परिणाम व्हायचा तो झाला. मांडीच्या आतल्या बाजूला स्नायू असतात ही माहिती मला पन्नाशीत पहिल्यांदा मिळाली. ऑफिसात मी उभ्याने फायली तपासू लागलो आणि साहेबांना वाटलं माझी कामातली तळमळ वाढली. डॉक्टरांनी विचारलं, "पडलात का?"

म्हटलं, "नाही. बसलो."

आणि मैना कोपऱ्यातल्या गवताशी पोहोचली की विषय संपायचा. घोड्याच्या मानेत जेवढी ताकद असते तेवढी माझ्या सगळ्या घराण्यात मिळून नसेल. ती मान खाली घाली, लगाम माझ्या बोटांतून सुळकन निसटे, आणि मग तिचं पोट भरेपर्यंत मी वर बसून आजूबाजूच्या सृष्टीची शोभा पाहत राही. पहिले बाजीराव म्हणे घोड्यावर बसल्या बसल्या कणसं मळून खायचे. आमच्या जोडीत खाण्याचं खातं मैनेकडे होतं. ती किती खाते ते मी नुसतं बघत होतो. रक्तातच आहे.

सुट्ट्या संपताना मैदानावर छोटा कार्यक्रम झाला. 'सर्व विद्यार्थ्यांनी पालकांना आणावे,' अशी सूचना आली होती. बायको म्हणाली, "मी तुमची पालक नाही," आणि आईला पाठवलं. आई, वय अठ्ठ्याहत्तर, नऊवारीत, इतर विद्यार्थ्यांच्या तिशीतल्या आयांमध्ये पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसली. वेण्यांच्या मुलीने दोन आडव्या बांबूंवरून घोडा उडवला. मी दुडकीत अर्धी फेरी मारली. उरलेल्या अर्ध्या फेरीत गवताचा कोपरा येत होता.

शेवटी पालक आणि शिक्षक यांची भेट. आईने रिसालदारसाहेबांना नमस्कार केला आणि माझ्या शाळेत विचारायची त्याच काळजीने विचारलं, "कशी काय आहे प्रगती?" साहेबांनी मिशीवरून हात फिरवला, जरा विचार केला आणि मैनेच्या मानेवर थोपटत म्हणाले, "माताजी, बहुत सुधार है. पहले तो ये किसी को भी गिरा देती थी."

आईचा चेहरा उजळला. तिने कनवटीची गुळाच्या खड्यांची पुडी काढली, मैनेसमोर धरली आणि मला म्हणाली, "बघ, शीक जरा हिच्याकडून."