बियास नदीचा आस्वाद कसा घ्यावा?
(मे महिन्यात मनालीला जाणाऱ्या गटप्रवाशांसाठी मार्गदर्शिका)

मनालीला जाऊन आलेल्यांची महाराष्ट्रात वानवा नाही. बियास नदी पाहून आलेल्यांची मात्र आहे. यात प्रवाशांचा दोष नाही. रोहतांगच्या बर्फाला परवाना लागतो, राफ्टिंगला पैसे पडतात, केबल कारला रांग असते. नदी मात्र भुंतरपासूनच रस्त्याला लागून वाहते आणि फुकट दिसते. जे फुकट दिसते त्याचे करायचे काय, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

१. पूर्वतयारी

नदीची माहिती घरूनच पाठ करून निघावे, म्हणजे बसमध्ये कोणाला डुलकी लागू देण्याचा प्रसंग येत नाही. बियास रोहतांगच्या परिसरात उगम पावते आणि कुलू, मंडी, कांगडा करत सुमारे ४७० किलोमीटर वाहून पंजाबात हरिके येथे सतलजला मिळते. इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरचे सैन्य पंजाबात याच नदीच्या काठी येऊन अडून बसले. आता पुरे, घरी चला, असे त्यांनी लीडरला स्पष्ट सांगितले आणि लीडरला ऐकावे लागले. गटप्रवासाच्या इतिहासातली ही मानाची नोंद असून सहाव्या दिवशी ‘अजून एक पॉइंट राहिलाय’ असे ऐकू आल्यास ती आवर्जून उपयोगात आणावी.

२. खिडकी

कुलूहून मनालीकडे चढताना मोठा रस्ता नदीच्या उजव्या तीरावरून जातो, म्हणजे नदी गाडीच्या उजव्या हाताला येते. ही माहिती गुप्त ठेवावी. आसनांची रोजची अदलाबदल त्या दिवशी आपल्याला प्रतिकूल निघाल्यास ‘मला डाव्या बाजूला मळमळतं’ असे सांगता येते. डावीकडच्यांना हॉटेलांच्या पाट्या आणि शालींची दुकाने दिसतात. त्यांना खरेदीची यादी करायला सांगून त्यांचे सांत्वन करावे. उजवी खिडकी मिळाल्यावर लगेच पडदा ओढून फोनवर कालचे फोटो पाहावेत. जागा मिळवणे महत्त्वाचे असते, वापरणे नव्हे.

३. हॉटेल

जाहिरातीतील शब्द नीट वाचावेत. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीच्या कठड्यावरून डावीकडे वाकले असता, मधल्या हॉटेलच्या पाण्याच्या टाक्यांमधून काहीतरी पांढरे दिसते. ‘रिव्हर साइड’ म्हणजे रात्रभर पाऊस पडतोय असे वाटून बायको तीनदा उठवते. ‘रिव्हर टच’ हा सर्वांत महागडा प्रकार असून त्यात कोणी कोणाला टच करायचा, हे करारात लिहिलेले नसते.

हा खुलासा नदीने जुलै २०२३ मध्ये स्वतःच केला. दोन-तीन दिवसांच्या पावसात तिने कुलू ते मनालीचा रस्ता जागोजागी नेला आणि काठावर उभ्या केलेल्या गाड्याही नेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ती पुन्हा येऊन गेली. नदीकडे सातबारा नसतो, पण वहिवाट फार जुनी असते, आणि मोजणीला येताना ती शेजाऱ्यांना नोटीस देत नाही. खोली निवडताना नदीपासून चार पावले उंचावरची मागावी. काउंटरवरचा मनुष्य ‘व्ह्यू नहीं मिलेगा’ म्हणून हळहळेल. हळहळू द्यावे.

४. पाण्यात पाय घालणे

हा सर्व कार्यक्रमांतील मुख्य विधी होय. पँट गुडघ्यापर्यंत दुमडावी, चपला मेहुण्याकडे द्याव्यात आणि पाय पाण्यात घालताच ‘आई गं!’ असे म्हणावे. पाणी बर्फ वितळून आलेले असते, त्यामुळे दुसरे काही म्हणायला वेळ मिळत नाही. बोटे बधिर होईपर्यंत तसेच उभे राहणे हे पुरुषार्थाचे लक्षण समजले जाते. मनगटी घड्याळाकडे पाहत ‘मी पाच मिनिटं उभा होतो’ असे सांगणारा एक काका प्रत्येक गटात असतोच; कंपनी तो पॅकेजमध्येच देते की काय, अशी शंका येते.

वेळेबाबत एक बारीक सूचना. उन्हाळ्यात सकाळी नदी कमी असते. दिवसभर वर ऊन पडते, बर्फ वितळते आणि दुपारनंतर ते पाणी खाली पोचते. त्यामुळे सकाळी दहाला ज्या कोरड्या दगडावर सतरंजी अंथरली, त्याचे चारच्या सुमारास बेट झालेले असू शकते. पात्रात गाडी लावायची सवय असलेल्या पुणेकरांना यात काही विशेष वाटणार नाही. पण मुठेला वरून पाणी सोडायचे की नाही हे पाटबंधारे खाते ठरवते, आणि इथे ते ऊनही ठरवते.

धरणेही ठरवतात. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी फोटो काढायला असेच पात्रातल्या दगडांवर उतरले होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि त्यांतले २४ जण वाहून गेले. काठावर ‘पात्रात उतरू नका’ अशी पाटी दिसली, की उतरू नये. या मार्गदर्शिकेतला एवढा नियम शब्दशः पाळायचा आहे.

५. उद्याने

मॉल रोडला लागून, नदीच्या अंगाला वनविहार आहे. तिकीट असल्यामुळे आत काहीतरी असणार, अशा खात्रीने मंडळी शिरतात. आत देवदार असतात. पुढचा संवाद ठरलेला असतो.

‘अहो, इथे बघायचं काय?’

‘झाडं.’

‘ती तर बाहेर पण होती.’

‘अगं, ही तिकिटातली आहेत.’

या टप्प्यावर झाडाला पाठ लावून, एक पाय मागे दुमडून फोटो काढावा. देवदार वर किती गेला आहे हे पाहण्यासाठी मान मागे टाकू नये; टोपी पडते आणि मागून येणाऱ्यांची रांग थांबते.

उद्यानातून नदीकडे गेल्यास काही गोष्टींपासून सावध राहावे. काठची ओली वाळू मूठभर उचलली की तळहातावर अभ्रकाचे कण चिकटतात आणि बोटे हलवली की उन्हात चमकतात. झटकले तरी रेषांमध्ये राहतात. त्यात दहा मिनिटे कशी गेली हे कळत नाही. दुसरा धोका ब्राउन डिपर नावाच्या पक्ष्याचा. चॉकलेटी रंगाचा, शेपूट आखडलेला हा ठेंगू दगडावर उभा राहून उठाबशा काढल्यासारखा खालीवर होतो आणि पाहता पाहता त्या उसळत्या पाण्यात शिरतो. आपण ‘गेला बिचारा’ म्हणेपर्यंत तो तळाशी किडे वेचून दुसऱ्या दगडावर कोरडा ठणठणीत निघतो. त्याच्या नादी लागून बस चुकलेल्यांना लीडर सगळ्यांदेखत नावाने हाका मारतो.

६. राफ्टिंग

कुलूजवळ पिरडी ते झिरी हा साधारण १४ किलोमीटरचा टप्पा प्रसिद्ध आहे. १५ जुलै ते १५ सप्टेंबर तो बंद असतो. तेव्हा ‘आमच्यासाठी करतो ॲडजस्ट’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे. पुत्रशोकाने वसिष्ठांनी स्वतःला दोरांनी बांधून या नदीत उडी घेतली, तेव्हा तिने सगळे पाश सोडवून त्यांना काठावर आणून ठेवले, अशी महाभारतात कथा आहे. त्यांच्या नावाचे गाव आणि गरम पाण्याची कुंडे मनालीसमोर पलीकडच्या काठावर आहेत. नदीची ही सोडवण्याची ख्याती लक्षात घेता लाइफ जॅकेटचे बक्कल दोनदा तपासावे.

७. आहार

नदीकाठी मॅगी खावी, असा संकेत आहे. काही ढाबेवाले टेबल-खुर्च्या थेट उथळ पाण्यातच मांडतात. तिथे पाय गारठतात, मॅगी त्याहून लवकर गारठते. मांसाहारींनी इंग्रजांच्या काळात इथे आणून सोडलेला ट्राउट मागवावा आणि शेवटच्या घासापर्यंत त्याला पापलेटाहून कमी लेखावे. रिकाम्या पुड्या खिशात घालून परत न्याव्यात. हिमाचलात प्लास्टिक पिशव्यांवर २००९ सालापासूनच बंदी आहे, तरी वेफरची पुडी दगडाखाली दाबली की ती निसर्गात विलीन होते, असे मानणारा एक संप्रदाय अजून आहे. त्याची दीक्षा घेऊ नये.

८. शंका-समाधान

शंका : फर कोट आणि गमबूट नदीवर घालावेत का?
समाधान : मेमध्ये गरज नाही. पण दिवसाचे भाडे भरले आहे, घालावेत.

शंका : नदीचा आवाज रेकॉर्ड करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर लोक ‘मिक्सर लावलाय का’ म्हणतात. उपाय?
समाधान : नाही. पुढच्या वर्षी त्यांनाच घेऊन जावे.

शंका : यातले काहीच न करता, सकाळी साडेसहाला नुसते काठावर जाऊन बसले तर चालेल का?
समाधान : चालेल. त्या वेळी पाणी कमी असते, पक्षी असतात, फोटोवाले नसतात आणि तिकीटही नसते. मात्र साडेसातला गरम पोहे सुरू होतात आणि आठपर्यंत संपतात. निर्णय ज्याचा त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावा.