बीज तुमचे, पीक तुलसाचे

मु. पो. तुलसा, ओक्लाहोमा येथील समस्त देणगीखात्यांस,

तुलसा एकेकाळी तेलाच्या विहिरींसाठी प्रसिद्ध होते. नंतर तिथल्या पोस्टपेट्यांनाही तेल लागले, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुलसाच्या सेंट मॅथ्यूज चर्चेस या संस्थेचे पाकीट वर्षानुवर्षे अमेरिकेतल्या घराघरांत न मागता येऊन पडले. आत प्रार्थनेचा गालिचा, तोही कागदी. त्यावर येशूचा चेहरा, डोळे मिटलेले. टक लावून पाहिले की उघडतात म्हणे. गालिच्यावर गुडघे टेकायचे, रात्री तो बायबलमध्ये ठेवायचा आणि लगेच परत पाठवायचा, कारण पुढचे गरजू कुटुंब वाट पाहत असते. सोबतच्या फॉर्मवर आपल्या अडचणींपुढे खुणा करायच्या. देवाकडून रोख किती हवी, त्यालाही रकाना! भविष्याचे एक बंद पाकीट असते, पण ते गालिचा टपालात पडल्यावरच फोडायचे. आणि हो, सोबत थोडे 'बीज' पाठवायचे, डॉलरमध्ये. संतोषीमातेच्या नावाने फिरणारी आपली पोस्टकार्डे बिचारी टपालखर्चावर समाधान मानत.

देणगीला 'बीज' म्हणण्याची प्रथा रूढ केली ती तुलसाच्याच ओरल रॉबर्ट्स या टीव्हीवरच्या धर्मोपदेशकांनी. जानेवारी १९८७ मध्ये त्यांनी जाहीर केले की, ३१ मार्चपर्यंत ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला बोलावून घेईल. फ्लोरिडातल्या, कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानाच्या एका मालकाने त्यातले १३ लाख दिले आणि बोलावणे टळले. निधी वैद्यकीय कामासाठी होता; रॉबर्ट्स यांच्या विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय दोन-तीन वर्षांतच बंद पडले. रॉबर्ट्स मात्र २००९ पर्यंत, वयाच्या ९१ वर्षांपर्यंत जगले.

रॉबर्ट टिल्टन यांचे प्रवचन टेक्सासात, पण टपाल तुलसात. हजार डॉलरचा संकल्प सोडा, असे ते टीव्हीवरून सांगत. १९९१ मध्ये एबीसी वाहिनीने दाखवले की, पाकिटातले पैसे बँकेत जातात आणि लोकांच्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या कचरापेटीत. टिल्टन यांचा खुलासा तर भन्नाटच होता: चिठ्ठ्यांवर आपण इतके पडून राहिलो की शाईतली रसायने रक्तात भिनली आणि मेंदूला दोन झटके आले. त्यांनी वाहिनीवर खटला भरला आणि तो हरले.

देणगीखात्यांनी एवढे निर्धास्त का असावे? १९४४ च्या बॅलार्ड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, धार्मिक दावा खरा की खोटा हे ज्यूरीने ठरवायचे नाही. मग उरतो एकच प्रश्न, सांगणाऱ्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता का. तो नव्हता, हे सिद्ध कोण करणार?

साध्या धर्मादाय संस्थांची एवढी चंगळ नाही. कॅन्सर रुग्णांच्या नावाने १८.७ कोटी डॉलर लाटल्याचा आरोप ठेवून २०१५ मध्ये संघीय व्यापार आयोग आणि पन्नासही राज्यांनी चार संस्थांना कोर्टात खेचले.

तेव्हा अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी देणगी देण्यापूर्वी संस्थेचा फॉर्म ९९०, म्हणजे कर खात्याला दिलेले वार्षिक विवरणपत्र, जरूर मागून पाहावा. चर्चकडे मात्र मागून उपयोग नाही; तो भरण्याचे बंधनच कायद्याने चर्चवर घातलेले नाही.